ताईचा पर्याय नंबर दोन

नाही, पण मला एक सांगा, माणूसच उरलं नसेल तर बटण कुठलं दाबायचं? विचारून विचारून तोंड दुखलं माझं, एक जण उत्तर देईल तर शपथ! विद्यापीठाचा मेसेज आलाय ताईच्या फोनवर. ‘प्रिय विद्यार्थिनी, साथीमुळे पुढच्या वर्षी कसं शिकणार ते निवडा.’ एक, घरून थेट वर्गात. दोन, रेकॉर्डिंग पाहून. तीन, थोडे दिवस घरून, थोडे दिवस येऊन. अहो, पण प्रिय विद्यार्थिनी त्याच साथीत गेली ना! दवाखान्यात नेली, आम्हाला दाराबाहेर ठेवलं, आणि परत आला तो नुसता फोन, चार्जरसकट. मग बटण कुठलं दाबायचं?

आता तुम्हाला सांगतो, मी टायरच्या दुकानात कामाला. सातवीत मी शाळा सोडली की शाळेने मला, यावर घरात अजून एकमत नाही. पण ताईचा वर्ग मी एक दिवस चुकवला नाही! कारण रेंज यायची फक्त मोरीच्या खिडकीत. ताई स्टुलावर, मी पालथ्या बादलीवर, फोन गजाला धरून, आणि आई खरकटी कढई घेऊन ताटकळत, “अगं, तुझे सर गेले की सांग बाई!”

बरं, मेसेजखाली ‘यापैकी नाही’ होतं. दाबलं. ‘कारण निवडा.’ नेटवर्क नाही, फोन नाही, घरात जागा नाही, इतर. इतर दाबलं. ‘थोडक्यात लिहा.’ लिहिलं, वारली. तर म्हणे, ‘कृपया सविस्तर लिहा.’ अरे, आत्ता तूच म्हणालास ना थोडक्यात!

मग मोरीच्या खिडकीबाहेर उभं राहून मदतकेंद्राला फोन लावला. बाई एकदम गोड. “विद्यार्थिनीला फोन देता का?” म्हटलं, ती नाहीये. “कधीपर्यंत येतील?” म्हटलं, मॅडम, ती गेली. “बरं, आल्या की त्यांनाच करायला सांगा हं, खातं त्यांचं आहे.” आता डोकं फिरेल की नाही माणसाचं? ओरडलो, “मेलीय ती!”

तशी ती हळूच म्हणाली, “खातं बंद करायचंय का, दादा? त्यांच्या फोनवर उघडा, खाली बटण दिसेल.”

कानाला माझा फोन, हातात ताईचा, आणि बोटं ही अशी, टायर ओढून ओढून जाड झालेली. पडलं बोट भलतीकडेच, कुठल्यातरी जुन्या तासाच्या रेकॉर्डिंगवर. आणि फोनमधून ताई म्हणाली, “सर, माझा आवाज येतोय का?”

आई मोरीतून धावत आली, हाताला साबण तसाच. “आली?”

मी फोन तिच्यासमोर धरला.

“रेकॉर्डिंग आहे गं.” आई तिथेच खाली बसली. “परत लाव.” लावलं. “सर, माझा आवाज येतोय का?” तर सर म्हणतात, “कुणाचा तरी माईक चालू आहे, बंद करा.” आई खवळली ना सरांवर! “अहो, विचारतेय ना पोर! येतोय म्हणा की!” सर कुठले ऐकतात, ते आपले पुढच्या धड्यावर. आणि इकडे कानात मॅडम, “हॅलो, दादा, झालं का बंद?” म्हटलं, राहू द्या.

तेव्हापासून रोज तेच. आई स्टुलावर, मी बादलीवर. “लाव रे ते, ती विचारते ते.” आणि रोज नव्याने सरांशी भांडण.

आणि आज पुन्हा मेसेज! ‘पर्याय निवडला नाही तर खातं बंद, रेकॉर्डिंग दिसणार नाहीत.’ शेजारचे काका म्हणतात, “अरे वेड्या, गेलेल्या माणसाचं असं काही निवडता येत नाही.” मग कसं येतं? काका, बटण कुठलं दाबायचं? काका चष्मा पुसतायत.

दाबलं मी. दोन नंबर, रेकॉर्डिंग पाहून. मशीनला कसली शंका! लगेच म्हणालं, ‘अभिनंदन, पुढच्या वर्षासाठी तुमची नोंदणी झाली.’

परीक्षेचं तेव्हाचं तेव्हा बघू... आमच्या घरातलं कुणीतरी पुढच्या वर्गात गेलं, एवढं बास.