पितृपिंड नव्हे, मूत्रपिंड

सभाध्यक्ष गिरिधरपंत, व्यासपीठावर दाटीवाटीने बसलेले मान्यवर, माझे सहकारी, आजी-माजी विद्यार्थी, आणि चुकून आलेल्या समस्त मंडळींनो,

शेवटचं संबोधन थट्टेचं नाही. आजच्या पत्रिकेत "डॉ. मार्तंड पांढरीपांडे यांची पितृपिंडांवरील व्याख्याने गाजली" असं छापलं आहे. आमचे चिटणीस, आणि माझे जुने विद्यार्थी, भैयाजी यांनी मूत्रपिंड असंच लिहून दिलं होतं. छापखान्याचे रुपराव म्हणतात, "सत्काराच्या पत्रिकेत तो शब्द कसा छापाचा जी? अन् पितृपक्ष तर चालूच आहे." आता पितृपक्षात सत्कार कोण करतं? पण माझ्या निवृत्तीची तारीख सरकारने ठरवली, आणि सरकारला पितर नसतात. ते असो. शरीरक्रियेच्या मास्तरासाठी एवढी गर्दी मी जन्मात पाहिली नव्हती. रुपरावांचे आभार मानायला हवेत.

खाप्याहून आलेल्या यमुताई समोरच बसल्या आहेत. त्यांनी मला दारातच धरलं. "काहून जी महाराज, आमच्या घरच्यायच्या पिंडाले कावळा काहून नाही शिवला? दुपार झाली, मंग दर्भाचा कावळा करा लागला." मी म्हटलं, बाई, व्यासपीठावरून सांगतो. सांगणार आहे.

त्याआधी माझी एक अडचण. सत्कारमूर्तीला ती कोणी विचारत नाही. मघापासून प्रत्येक वक्ता म्हणतो आहे की डॉक्टर आता निवांत विश्रांती घेणार. कसली विश्रांती? उद्या दुपारी मी कुणाबरोबर जेवू, हा एकच प्रश्न माझ्यापुढे आहे. तुम्हाला तो क्षुल्लक वाटेल. मला रात्र-रात्र झोप नाही.

तर मूत्रपिंड. बाजारात ज्याला गुर्दा म्हणतात तो. पाठीच्या कण्याच्या दोन बाजूंना एकेक, घेवड्याच्या दाण्यासारखा, मुठीएवढा. त्याच्या आत केसाहून बारीक रक्तवाहिन्यांची लाखो गुंतवळं असतात, आणि प्रत्येक गुंतवळ एका इवल्याशा पेल्यात बसवलेलं. रक्त आत येण्याची वाट रुंद, बाहेर जाण्याची अरुंद. मग काय होणार? आत दाब चढतो. त्या दाबाने रक्तातलं पाणी, मीठ, साखर, युरिया, सगळं भिंतीतून गाळून पेल्यात उतरतं. रक्तपेशी आणि प्रथिनं आकाराने मोठी, ती मागे राहतात.

परीक्षेत दरसाल कोणीतरी लिहितंच, की मूत्रपिंड रक्तातली घाण वेचून बाहेर टाकतं. नाही हो. ते काही वेचत बसत नाही. चांगलं काय, वाईट काय, आधी सगळंच खाली सोडतं. पेल्यात उतरलेलं ते अजून मूत्र नव्हेच. पुढे लांबच लांब नळीतून जाताना शरीर त्यातली साखर परत घेतं, जवळजवळ सगळं पाणी परत घेतं, हवं तेवढं मीठ घेतं. उरतं ते मूत्र. भैयाजी, हसू नका, तुम्ही हे दोनदा चुकला होतात.

सभेत बायकोचं नाव घ्यायची आपल्यात रीत नाही. मी घेतो. प्रमोदिनी. तिने हे सगळं माझ्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं, की परीक्षेला बसती तर पहिली आली असती. तिच्याच मूत्रपिंडांच्या त्या भिंती बिघडल्या. सकाळी डोळ्यांखाली सूज, संध्याकाळी बांगड्या रुतायच्या. मी काचेच्या नळीत तिची लघवी दिव्यावर धरली, आणि ती पांढरी गोठत आली. भिंतीने जे प्रथिन अडवायचं, तेच गळत होतं. तिने विचारलं, "काय निघालं?" मी सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे गाळणंच फाटलं." मीठ बंद केलं, जे करायचं ते केलं. तिच्या दुखण्याला लागू पडेल असं औषध नव्हतं. सगळं कळत होतं आणि काही करता येत नव्हतं, याचा मला अजून राग येतो.

दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला. कावळा बाभळीवर बसून राहिला. तिचा भाऊ मधुसूदन हात जोडून म्हणाला, "ताई, तुह्या तुळशीले पाणी घालू वं." कावळा ढिम्म. "तुह्या भाचीचं लग्न थाटात करून देऊ वं." तरी नाही. ऊन चढलं. मग तो माझ्याकडे वळला, "भाऊजी, तुम्ही बोला ना."

मी काय बोलणार? कावळ्याला भूक लागली की तो खाईल, एवढंच माझं शास्त्र. पण तिचा जीव कशात अडकला होता, ते मला ठाऊक होतं. आम्हाला मूलबाळ नाही. आजारपणात तिचं एकच पालुपद असायचं, "मी गेल्यावर तुम्ही पुस्तक पुढे धरून एकटेच जेवाल, अन् काय खाल्लं तेही तुम्हाला कळणार नाही." मी म्हणालो, "मी एकटा जेवणार नाही." कावळा खाली उतरला.

तेव्हापासून मी डबा घेऊन विद्यार्थ्यांच्या खाणावळीत बसू लागलो. पोरांनो, तुम्हाला वाटलं, म्हातारा पाळत ठेवायला येतो. पहिल्या दिवशी तुम्ही ताटात मान खुपसून चिडीचूप जेवलात. पुढे आमटी ओरपत "हो सर, हो सर" म्हणू लागलात. मला तेवढं पुरत होतं. रात्री मी नुसतं दूध घेतो. दूध म्हणजे जेवण नव्हे, अशी पळवाट काढली आहे. पण दुपारचं काय? उद्यापासून कॉलेजच्या फाटकातून आत जायला मला कारण उरलेलं नाही.

यमुताई, तुमच्याकडचा कावळा का शिवला नाही, मला माहीत नाही. माझा का शिवला, तेही माहीत नाही. तिने माझं बोलणं ऐकलं की नाही, देव जाणे. पण मी बोललो, आणि मी ते ऐकलं आहे. त्यातून माझी सुटका नाही.

अध्यक्षमहाराजांनी इतका वेळ दिला, भैयाजींनी एवढी धावपळ केली, आपण सगळे बसून राहिलात, मी ऋणी आहे. बोलण्यात कमी-जास्त झालं असेल ते पोटात घाला. धरमपेठेत माझ्याकडे उद्या बारा वाजता दोन पानं वाढायला सांगितली आहेत. दुसऱ्या पानावर कोण बसणार, हे मी स्वयंपाकीणबाईंना अजून सांगितलेलं नाही. तुमच्यापैकी कोणीतरी या.