परमिटवर टिकलेलं माहेर

आमचं मूळ गाव कणकवलीकडचं, पण मी जन्मले ती भांडुपच्या चाळीत. बाबा मिलमध्ये होते, मिल बंद पडली तशी मुलुंडला एका कंपनीच्या गेटवर वॉचमन लागले, आणि तिथे बसून त्यांनी काय बघितलं तर लाईट गेली की मोठेमोठे साहेब हातावर हात धरून उभे, वायरमन येईपर्यंत कोणाचं काही चालत नाही. घरी येऊन म्हणाले, संगीताला आयटीआयला घालणार, इलेक्ट्रिशियनला. आई कपाळाला हात लावून म्हणाली, अहो, तुम्ही चेडवाक खांबार चढवतास काय? म्हणजे पोरीला खांबावर चढवणार का. पण घातलं त्यांनी. वर्गात मी एकटी मुलगी. पहिल्या दिवशी मास्तरांनी विचारलं, तू चुकून इथे बसलीस का गं? मी म्हटलं, नाही सर, मुद्दाम बसलेय. बाबा लवकर गेले, पण मला पक्कड धरायला लावून गेले, ते बरं केलं.

आता परमिट म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आयटीआय झालं म्हणून कोणी उठून सोलर लावू शकत नाही. आधी वायरमनचं परमिट, मग काही वर्षं काम करून सुपरवायझरची परीक्षा, ती पास झालात की सुपरवायझरचं परमिट. आणि कोणाला कॉन्ट्रॅक्टरचं लायसन पाहिजे तर त्याच्याकडे असा एक परमिटवाला सुपरवायझर पाहिजेच, स्वतः असो नाहीतर ठेवलेला असो. लायसन नाही तर वीज कंपनीच्या यादीत नाव नाही, यादीत नाव नाही तर मीटर बदलून मिळत नाही, आणि मीटर बदलला नाही तर गच्चीवरची ती पॅनेलं नुसती पापड वाळवायला. आणि एक परमिट एकाच लायसनवर चालतं. हे एकच वाक्य माझ्या आयुष्याला पुरलं बघा.

माझा भाऊ बाबू, माझ्याहून लहान. बोलायला असा की समोरच्याने नाही म्हणायला तोंड उघडलं तरी हो बाहेर पडेल. सुपरवायझरच्या परीक्षेला दोनदा बसला, दोनदा आपटला, मी एका फटक्यात पास. तो म्हणाला, ताई, तुझं परमिट दे, लायसन माझ्या नावावर काढू, सोसायट्या मी आणतो, गच्ची तू सांभाळ. आमचे हे म्हणाले, स्वतःचं काढ की. मी म्हटलं, भाऊ आहे, परका आहे का? आणि खोटं कशाला बोलू, सोसायट्या त्यानेच आणल्या. मुलुंड, घाटकोपर, मरोळला एक गाळा, तिकडे बोरिवलीपर्यंत. धंदा त्याने उभा केला, हे मी आजही कोणापुढेही म्हणेन. मी उन्हातान्हात गच्चीवर, तो खाली कमिटीबरोबर चहा पीत. सेक्रेटरी वर आले की मला म्हणायचे, ताई, साहेबांना बोलवा ना. मी बोलवायचे. कंटाळा यायचा हो, पण रागवायची ताकद राहायची नाही.

लोकांना वाटतं पॅनेल चढवलं की सोलर झालं. अहो, निम्मं काम जमिनीत असतं. अर्थिंगचे तीन वेगळे खड्डे लागतात. एक पॅनेलचा, एक इन्व्हर्टरच्या मशीनचा, आणि एक विजेच्या दांड्याचा. तो गच्चीवर उंच दांडा असतो ना, वीज पडली तर तिला अंगावर घेऊन सरळ जमिनीत सोडायची, त्याच्यासाठी. तो खड्डा नसेल तर ती वीज जाणार कुठे? गच्चीच्या रेलिंगमध्ये, मीटरच्या खोलीत, कोणाच्या तरी हातात. म्हणून मी काम संपलं की शेवटी प्रत्येक खड्ड्यात बादलीभर पाणी ओतते. मीटर लावून मोजायचं ते मोजतेच, पण पाणी ओतायचं बाबांच्या त्या कंपनीतल्या वायरमनने शिकवलं. म्हणायचा, पोरी, खड्डा प्यायला पाहिजे.

गेल्या वर्षी गणपतीला बाबू गावी आला नाही. आता आमच्यात गणपतीला गावी न जाणारा माणूस म्हणजे एकतर आजारी नाहीतर भानगडीत. मला म्हणाला, ताई, तू आईला घेऊन जा, घाटकोपरची सोसायटी मी बघतो. तेव्हाच माझ्या डोक्यात दिवा पेटायला पाहिजे होता, पण आरत्या, मोदक, पाहुणे, कसला पेटतोय.

परत आले, गौरीचा नारळ पिशवीत तसाच, आणि घाटकोपरला गेले. कंपाउंडमध्ये नवे कोरे पेव्हर ब्लॉक, आणि त्यात तीन खड्ड्यांची तीन झाकणं, एका ओळीत, झकास. सेक्रेटरी म्हणाले, बघा, काम कसं नीटनेटकं. मी बादली मागितली. पहिला खड्डा प्यायला. दुसऱ्यात ओतलं ते सगळं वर आलं आणि सेक्रेटरींच्या चपला भिजल्या. तिसऱ्यातही तेच. वॉचमनकडून पहार घेऊन झाकण उचललं, आत वीतभर पाइप सिमेंटमध्ये रोवलेला, वरून अर्थिंगची पट्टी आणून त्याला बोल्ट मारलेला, खाली काही नाही. विजेच्या दांड्याचा खड्डा तोच. मी तिथेच खाली बसले. माझ्या भावाने, माझ्या हाताखाली शिकलेल्या भावाने, देवाला मुखवटा बसवावा तसे खड्ड्यांना मुखवटे बसवले होते.

फोन केला. तर म्हणतो, अगं, सेक्रेटरीच म्हणाला पेव्हर फोडायचे नाहीत, मग मी काय करू? कोण उघडून बघतंय? फोटो काढला, झालं. तू फक्त मीटरसाठीच्या टेस्ट रिपोर्टवर सही कर. मी म्हटलं, बाबू, खड्डे खण, मग सही. म्हणाला, पेव्हरला हात लावला तर ते काम काढून घेतील, पुढच्या दोन सोसायट्या त्यांच्या ओळखीच्या आहेत, वाट लागेल माझी. मी म्हटलं, आणि गच्चीवर पोरं पतंग उडवतात, त्यांची नाही लागणार?

मग आईचा फोन. आई बाबूकडे राहते, भांडुपलाच. म्हणाली, गो बाय, एकच भाव आसा तुका. एक सही करूक तुजा काय जाता? मी म्हटलं, आई, सही माझी आहे, उद्या काही झालं तर पोलिस मला नेतील. ती म्हणाली, तसा काय जायत नाय गो, देव आसा. काय सांगू तुम्हाला, देव असतो हो, पण देव अर्थिंग करत नाही.

मी सही केली नाही. आणि थोड्या दिवसांनी त्या सेक्रेटरींचा फोन, ताई, मीटर बदलला, धन्यवाद, पेढे घ्यायला या. मी म्हटलं, मीटर बदलला कसा? सही कोणी केली? बाबूकडे गेले. तो जेवत होता. मान वर न करता म्हणाला, तुझी सही येते मला, लहानपणी तुझ्या वह्यांवर नाव कोण घालायचं? आई बाजूला भाकरी थापत होती. तिने मला पाट मांडून दिला, बस, जेव म्हणाली. मी जेवले नाही. माहेरात न जेवता उठायची माझी ती पहिली वेळ.

दुसऱ्या दिवशी लायसन देणाऱ्या सरकारी ऑफिसात जाऊन लेखी दिलं, माझं नाव या लायसनवरून काढा. साधा अर्ज, चार ओळी. देताना माहीत होतं, माझं नाव निघालं की त्याचं लायसन थांबणार, यादीतून नाव जाणार, काम बंद. झालंही तसंच. आणि सोसायटीला सांगून, त्यांच्या शिव्या खाऊन, पेव्हर उचलून दोन्ही खड्डे मी स्वतः उभी राहून खणून घेतले. पाणी ओतलं. प्यायले.

पुढे मी माझं लायसन काढलं. आमच्या ह्यांनी साथ दिली, नाहीतर तीही धमक राहिली नव्हती. लहान कामं येतात, बंगला, दवाखाना, एखादी जुनी बिल्डिंग. मोठ्या सोसायट्या अजून विचारतात, साहेब कोण आहेत तुमचे? बाबूलाही दुसरा परमिटवाला मिळाला, कोणी म्हातारे गृहस्थ आहेत, गुडघे गेलेत म्हणे, गच्चीवर चढत नाहीत. नुसतं नाव देतात. म्हणजे बघा, एवढं करून मी काय थांबवलं? माझं नाव थांबवलं. तेवढंच.

आईचा फोन रोज येतो, पण बाबू घराबाहेर पडला की. हळू आवाजात बोलते. गेल्या वर्षी भाऊबीजेला तो आला नाही, म्हटलं राग ताजा आहे. या वर्षी मी ताट केलं, निरांजन, सुपारी, करंज्या, दुपारपासून दाराकडे कान. नाही आला. आमच्यात भाऊ नसला की चंद्राला ओवाळतात. संध्याकाळी ताट घेऊन मी आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर गेले. दोन टॉवरच्या मधे बीजेची बारीक कोर होती, लगेच बुडणारी. निरांजन लावलं. आणि हात पुढे जाईना हो. भाऊ नसलेल्या बाया ओवाळतात चंद्राला. माझा आहे. जिवंत आहे, धडधाकट आहे, तीन स्टेशनं पलीकडे बसून जेवत असेल. मी निरांजन शांत केलं आणि ताट तसंच खाली घेऊन आले. ह्यांनी विचारलं, ओवाळलंस? मी म्हटलं, नाही.

आता वय झालं, जिने चढताना दम लागतो. कुठेही काळे ढग आले की मी बाबूच्या गच्च्या मोजत बसते, ही सोसायटी, ती सोसायटी, तिथले खड्डे कोणी बघितले असतील. देवाला दुसरं काही मागत नाही मी. त्याने माझ्याकडे यावं हेही मागत नाही आता. त्याच्या गच्चीवर कोणाला काही होऊ नये, एवढंच.