मेइ करंदीकर त्या डिनरला गेली

अविनाशराव, तारा, मंडळाचे अध्यक्ष, आणि मेइसाठी आज इथे आलेल्या सगळ्या मंडळींनो,

हॉल भरलाय. मागे लोक उभे आहेत. "खुर्च्या कमी पडल्या," असं मघाशी कुणीतरी म्हणालं आणि मला एकदम राग आला. का, ते सांगते. शेवटच्या निवडणुकीच्या वेळी मेइची सभा याच हॉलमध्ये होती. तेव्हा खुर्च्या भरपूर उरल्या होत्या.

माफ करा. सुरुवातच अशी झाली. घरून चार ओळी पाठ करून निघाले होते, पण तिचा फोटो बघितला आणि एकही ओळ आठवेना. मैत्रिणीबद्दल 'होती' म्हणायला जीभ वळत नाही हो.

आत येताना कमिटीतल्या एकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "सुधाताई, आज वादाचं काही नको हं. चांगलं चांगलं बोला." मी विचार केला, वाद सोडून मेइबद्दल काय बोलायचं? तिचं थालीपीठ तव्याला चिकटायचं, एवढंच उरतं. परवा आपल्या लोकल पेपरनं बातमी दिली, 'वादग्रस्त माजी कौन्सिलरचं निधन'. तुमच्यातल्या काहींना तो शब्द लागला. मला नाही लागला. होतीच ती वादग्रस्त. कशी झाली, ते मात्र आज नीट ऐकून जा.

नव्या मंडळींना ठाऊक नसेल. मेइ तैवानची. तिथल्या दक्षिणेकडच्या एका मासेमारीच्या गावातली. वडिलांची स्वतःची बोट होती. त्यांच्याकडचा लष्करी कायदा नुकताच उठला होता, आणि ही तरुण पोरगी गावच्या कौन्सिलवर निवडून आली. तिथला अध्यक्ष वर्षानुवर्षं तोच. त्याला बंदराचा एक भाग बुजवून हॉटेल बांधायचं होतं. मेइ विरोधात बोलायला उभी राहिली तर तिचा माइक बंद केला. मग ती टेबलावर चढली आणि तिथून ओरडून बोलली. तो फोटो तिकडच्या पेपरांत छापून आला. तिकडेही ती 'वादग्रस्त'च ठरली, आणि पुढची निवडणूक हरली.

मग ती साउथहॅम्प्टनला शिकायला आली. पहिल्याच हिवाळ्यात बर्फावरून घसरून मनगट मोडलं. प्लास्टर घातलं ते आपल्या अविनाशरावांनी. प्लास्टर निघाल्यावर तिचा हात हलवून घ्यायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी तिथे फिजिओथेरपिस्ट होते. दुखलं की बाकीचे पेशंट कळवळायचे. मेइ भांडायची. "तू मुद्दाम करतेस," म्हणायची. मी म्हणायचे, "हो, मुद्दामच करतेय." तिथून आमची मैत्री.

अविनाशरावांशी लग्न झाल्यावर ती मराठी शिकली, तीही फोनवर, सांगलीच्या सासूबाईंकडून. सासूबाई तिला 'तू' म्हणायच्या, म्हणून ही सगळ्या जगाला 'तू' म्हणायला लागली. सासऱ्यांना तू, मंडळाच्या अध्यक्षांना तू, भारतातून आलेल्या पाहुण्यांना तू. कुणाला राग आला का कधी? नाही आला. कारण त्या 'तू'मध्ये सगळे सारखे होते.

कौन्सिलवर ती निवडून आली ती बसमुळे. आपल्या भागातून हॉस्पिटलला जाणारी संध्याकाळची बस बंद होणार होती. ड्यूटीवर जाणाऱ्या नर्सेस अंधारात हायवेच्या कडेनं चालत जाणार, याचं कुणाला काही नव्हतं. मेइ घरोघरी फिरली, मीही बरोबर होते. एका दारात एका म्हाताऱ्या गोऱ्या गृहस्थांनी विचारलं, "करंदीकर? तू तर इंडियन दिसत नाहीस." मेइ म्हणाली, "नवरा इंडियन, मी तैवानची, आणि बस तुमची." त्यांनी तिला आत बोलावून चहा पाजला. ती बस आजही चालते.

आता त्या डिनरबद्दल. तुम्ही सगळे त्याचीच वाट बघताय, मला माहितीये.

चीनमधल्या एका मोठ्या बंदर-शहराशी आपल्या गावाचं 'ट्विनिंग' ठरत होतं. म्हणजे दोन गावांची अधिकृत मैत्री. त्या मैत्रीबरोबर तिकडची एक कंपनी आपल्या बंदरावर मोठं गोदाम बांधणार, अशी बोलणी चालू होती. मुलांना नोकऱ्या मिळणार होत्या. गावाला खरंच गरज होती. मेइनं त्या प्रस्तावाच्या बाजूनंच मत दिलं होतं. हे विसरू नका! बाजूनं!

पाहुणे यायच्या आदल्या आठवड्यात कौन्सिलचे लीडर मेइच्या घरी आले. मी तिथेच होते, तिच्या किचनमध्ये चिवड्याला फोडणी देत होते. बोलणं इंग्रजीत झालं, मी मराठीत सांगते. लीडर म्हणाले, "मेइ, पाहुण्यांची एक अडचण आहे, ते तैवानला चीनचाच प्रांत मानतात. टेबलावरच्या तुझ्या नावाच्या कार्डावर 'तैवान, चीन' असं लिहूया का?"

मेइ म्हणाली, "काहीच लिहू नका. नुसतं नाव लिहा."

"ते त्यांना चालणार नाही."

"मला ते चालणार नाही."

लीडरनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाले, "असं कर ना. एका संध्याकाळपुरती आजारी पड."

मेइ हसली. म्हणाली, "आजारी पडले तर इथल्याच हॉस्पिटलमध्ये जाईन. तिथे विचारतात, जन्म कुठे झाला. तिथे काय सांगू?"

लीडर गेले. मी फोडणी तशीच टाकून बाहेर आले आणि तिला म्हटलं, "मेइ, जाऊ नकोस. एक जेवण चुकलं तर काय होतं?" ती म्हणाली, "सुधा, मी तिथे भांडायला नाही जात. जेवायला जातेय. मी कौन्सिलर आहे."

आणि ती गेली. सूपपासून मेन कोर्सपर्यंत सगळं सुरळीत होतं, असं तिथे असलेल्या दोघांनी मला वेगवेगळ्या वेळी सांगितलं. मग पाहुण्यांच्या प्रमुखांनी तिला विचारलं, अगदी गोड आवाजात, त्यांच्या भाषेत, "तुम्ही आपल्या कुठल्या प्रांतातल्या?"

मेइनं उत्तर इंग्रजीत दिलं, सगळ्यांना कळावं म्हणून. "मी तैवानची. आमच्याकडे निवडणुका होतात. मी एक हरलेसुद्धा आहे."

बस्स. एवढंच. तिनं ग्लास फोडला नाही, घोषणा दिली नाही. कुठली तेवढं सांगितलं. पाहुणे पुडिंग यायच्या आत उठून गेले. ट्विनिंग बारगळलं, गोदाम आलं नाही, आणि दुसऱ्या आठवड्यात पेपरात तो टेबलावरचा जुना फोटो झळकला. कुठून शोधून काढला कोण जाणे. रिपोर्टरनं फोन केला, "ही तुम्हीच का?" मेइ म्हणाली, "हो, मीच. खाली उभं राहून कुणी ऐकत नव्हतं."

पक्षानं तिला काढलं. अविनाशरावांच्या गाडीवर कुणीतरी रंग ओतला. त्यांच्या लेकीला, ताराला, शाळेत काय काय ऐकावं लागलं, ते ती सांगत नाही, मीही विचारत नाही. आणि आपण? आपण काय केलं, मंडळी? त्या वर्षी गणपतीत तिचा सत्कार ठरला होता. फोन गेला, "यंदा राहू दे." यंदा राहू दे! ती तरीही आली. सासूबाईंची साडी नेसून आली, आरतीला उभी राहिली, टाळ वाजवला, नेहमीसारखा ताल चुकवला, आणि प्रसाद घेऊन घरी गेली.

सबनीसकाका, तुमची गोष्ट सांगू ना? काल फोनवर तुम्ही हो म्हणालात, म्हणून सांगते. काकांच्या निखिलला त्या गोदामात नोकरी लागायची आशा होती. काका चारचौघांत म्हणाले होते, "त्या बाईनं माझ्या मुलाचं वाटोळं केलं." मेइच्या कानावर आलं. ती सरळ त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली, मला बरोबर घेऊन. म्हणाली, "काका, तू मागे बोललास. आता मला तोंडावर बोल."

काका बोलले. "एका जेवणापुरतं गप्प बसता आलं नाही तुला?"

मेइनं विचारलं, "काका, तू पहिल्यांदा इथे आलास, तेव्हा लोक तुला कुठला म्हणायचे?"

काका म्हणाले, "पाकिस्तानी."

"मग तू काय करायचास?"

"सांगायचो. मी इंडियन आहे म्हणून."

"दर वेळी?"

"दर वेळी."

  मग काका म्हणाले, "तुझं बरोबर असेल, मेइ. पण माझा पोरगा घरी बसलाय." मेइ म्हणाली, "हो. तेही खरंय." आणि ती बसली. काकूंनी चहा आणला, तो प्याली. माफी मागितली नाही आणि उठून पळालीही नाही. असं बसायला काय लागतं, ते मी त्या दिवशी बघितलं.

त्यानंतर ती अपक्ष उभी राहिली आणि हरली. थोडक्यात नाही, सपाटून हरली. मोजणी संपल्यावर जिंकलेल्याशी हात मिळवून माझ्याकडे आली आणि म्हणाली, "चल, चिप्स खाऊ. भूक लागलीय." गाडीत मी रडले. ती व्हिनेगर शोधत होती. म्हणाली, "रडतेस काय? दोन देशांत हरले. दोन्हीकडे मोजणी नीट झाली."

मग आजार आला. या वेळी खरा.

शेवटी शेवटी एका दुपारी लीडर फुलं घेऊन वॉर्डमध्ये आले. मी खिडकीपाशी बसले होते. त्यांनी मला बाहेर जायला सांगितलं नाही, म्हणून हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. ते म्हणाले, "मेइ, ते गोदाम येणारच नव्हतं. डिनरच्या आधीच त्यांनी दुसरं बंदर ठरवलं होतं. आम्हाला माहीत होतं."

हॉलमध्ये आता कुजबुज होतेय. होऊ दे.

माहीत होतं! आणि या बाईच्या डोक्यावर सगळं खापर फुटत असताना सगळे बघत राहिले. लीडर गेल्यावर मी उठलेच. म्हटलं, "मी आत्ता पेपरला फोन करते." मेइनं माझा हात धरला. त्या हातात आता जोर नव्हता. पण तिचं बोलणं ऐका. "सांग. पण अर्धं सांगू नकोस. अर्धं सांगितलंस तर लोक म्हणतील, अरेरे, बिचारीची काही चूक नव्हती. मी बिचारी नाहीये, सुधा. गोदाम येणार असतं ना, तरी मी तेच बोलले असते. सांगायचं तर दोन्ही सांग."

मी दोन्ही सांगितलं. आता ज्यांना 'अरेरे' म्हणायचंय, त्यांनी कृपा करून म्हणू नये. ज्यांना आज वाटतंय की बरं झालं, मेइ निर्दोष निघाली, त्यांना मी विचारते, गोदाम आलं असतं आणि तिच्यामुळे परत गेलं असतं, तर आज तुम्ही इथे आला असता का? उत्तर मला देऊ नका. घरी जाताना गाडीत स्वतःला द्या.

पुढच्या महिन्यात अविनाशराव आणि तारा तिच्या अस्थी घेऊन तिच्या गावी जाताहेत. बंदरावर गावातले लोक येणार आहेत. तारा काल मला म्हणाली, "सुधामावशी, तू मराठीतच बोल. आईला मराठी भांडण खूप आवडायची." तारा, भांडण आवडायचं, बाळा. पण तुझं बरोबर आहे. तिला खूप आवडायचं.

आता उभे राहूया. एकच विनंती आहे. अशा वेळी आपण माना खाली घालतो. आज घालू नका. आपण तिच्यासमोर पुष्कळदा माना खाली घातल्या आहेत, रस्त्यात, दुकानात, याच हॉलमध्ये. आज मान वर ठेवा, तिच्या फोटोकडे सरळ बघा, आणि थोडा वेळ काही न बोलता उभे राहा.

मेइ, तुला नमस्कार.