धम्माभाऊंची जर्मन टाळी

नाही, पण मला एक सांगा... माणूस चाळीस वर्षं एकच गोष्ट सांगतोय, त्यात ना गाव बदललं, ना गाणाऱ्याच्या कोटाचा रंग बदलला, तर निदान लाजेकाजेस्तव तरी 'असेल बाबा' म्हणावं की नाही? म्हणावं ना! पण आमच्या पिंपळे गुरवात दुसऱ्याचं काही चांगलं झालेलं ऐकलं की लोकांच्या आधी पोटात दुखतं, डोकं मग चालतं! आमच्या सोसायटीतल्या धम्मरत्न ओव्हाळांचं तेच झालं. आधी पिंपरीत, मग चाकणला, अख्खा जन्म कंपनीत क्वालिटीला काढलेला माणूस, आता रिटायर. सरळ माणूस हो! आणि लोकांनी नाव काय पाडलं? 'जर्मन बंडल'! अहो, वॉचमनसुद्धा नव्या भाडेकरूला सांगायचा, 'पहिला मजला ना? जर्मन बंडलच्या समोरचा फ्लॅट.' घ्या!

तर ही जी गोष्ट, ती अशी. पंच्याऐंशीच्या आसपास कंपनीत नवीन मशीन येणार होतं, म्हणून धम्माभाऊंना ट्रेनिंगला पाठवलं जर्मनीला. भाषा येते? कसली येतेय! शिकले ते इतकंच, की 'आख्टुंग' म्हणजे सांभाळ, 'कापुट' म्हणजे गेलं कामातून, आणि 'फायराबेंड' म्हणजे सुटली शिफ्ट. एवढ्या शिदोरीवर माणूस हिवाळा काढतोय, गंमत आहे का? त्यात हॉस्टेलचा हीटर कापुट! एक दिवस फोरमननं पास वाटले. तिथल्या टीव्हीवर रॉकचा कार्यक्रम व्हायचा, समोरच्या खुर्च्या भरायला टीव्हीवाल्यांना माणसं लागायची. धम्माभाऊंनी एकच विचारलं, 'हॉलमधे गरम असतं का?' फोरमन म्हणाला, 'या, या,' म्हणजे त्यांच्यात 'हो, हो'. झालं! तुम्हाला सांगतो, हा माणूस रॉक ऐकायला गेलाच नव्हता, ऊब घ्यायला गेला होता!

आणि तिथं काय पाहावं? स्टेजवर लांब केसांचे चार जण, धूर सोडलेला, दिवे भिरभिरतायत, मधे हिरव्या कोटातला गाणारा गळ्याच्या शिरा ताणून किंचाळतोय... आणि समोरचं पब्लिक? मांडीवर हात ठेवून गप! शोकसभेला बसावं तसं! आता धम्माभाऊ वाढले कुठं? पिंपरीच्या वस्तीत! जयंतीला तिथं कव्वालीचा मुकाबला, दोन पार्ट्या समोरासमोर, ही पार्टी बाबासाहेबांवर एक कडवं टाकतेय, ती पार्टी त्याच्यावर चढवून दुसरं टाकतेय, आणि धम्माभाऊ टाळीला. कव्वालीत गाणारा कितीही तगडा असू द्या, टाळीवाला झोपला की पार्टी झोपली! अशा माणसासमोर कुणी एवढं जीव तोडून गातंय आणि हॉल गप बसलाय, हे त्याला बघवेल का? धम्माभाऊंनी दिली टाळी! एक ठोक, मधे दोन बारक्या, परत ठोक. शेजारच्या बाईनं बघितलं. पुढच्यानं मान वळवली. ड्रमवाल्यानं ऐकलं, हसला आणि त्या टाळीवर येऊन बसला! गाणाऱ्यानं बोट केलं, 'तू! अजून!' आणि बघता बघता अख्खा हॉल टाळीवर! 'जर्मनीला टाळी मी शिकवली,' असं धम्माभाऊ सांगतात. पण पटतंय कुणाला!

आता यात खोटं एवढंच, की गोष्ट सांगताना ते म्हणायचे, 'मी सुटात होतो. कडक सूट, लाल टाय, केस मागं फिरवलेले.' चालतं हो तेवढं! आपण लग्नाच्या गोष्टीत जेवणाची पंगत वाढवून सांगत नाही?

पण खाली बाकावर बसणारे शौकतभाई, ज्यांचं पिंपरीत गॅरेज आहे, ते लगेच गिअर टाकायचे, 'धम्मा, भावा, सूट घातलेल्या माणसाला टाळ्या वाजवायला कोण सांगतंय? त्याला तर स्टेजवर हार घालायला बोलवतात!' सगळे फिदीफिदी हसायचे. धम्माभाऊ पण हसायचे वरवर. बाहेरच्यांचं काय, माणूस चहाबरोबर गिळतो. लागायचं ते घरचं! सोजरबाई, त्यांची मंडळी, मावळातली, जीभ म्हणजे सुरी. पाव्हणे आले आणि धम्माभाऊंनी 'मी जर्मनीला असताना' एवढं म्हटलं की ही माउली आतून, 'ऐका, न्हाई ऐकलं तरी चालंल, च्या घ्या गरम हाय तवर!' एकदा तर सुनेच्या माहेरच्यांसमोर म्हणाल्या, 'तसे चांगले हायती, फकस्त जर्मनीचं काय मनावर घिऊ नका.' त्या दिवशी धम्माभाऊ जेवले नाहीत. गॅलरीत जाऊन कुंड्यांना पाणी घालत बसले. जगानं खोटं ठरवलं तर चालतं हो, पण जिच्याबरोबर संसार केला तिनं तरी एकदा म्हणावं ना, की व्हय, झालं आसंल! पण पटतंय कुणाला!

मग काय झालं, की सुनेनं, श्रद्धानं, सासऱ्यांना मोठा फोन घेऊन दिला. माण गावाकडं आयटी कंपनीत आहे ती. म्हणाली, 'बाबा, तिकडच्या टीव्हीवाल्यांनी जुन्या टेपा बाहेर काढून इंटरनेटवर टाकल्यात. शोधा, वेळ जाईल तुमचा.' वेळ जाईल? अहो, माणूस गेला! कार्यक्रमाचं नाव आठवत नाही, मग जे समोर येईल ते बघायचं. सकाळी तोंड धुतलं की हॉलंड. नाश्त्याला बेल्जियम. दुपारी जरा पडायचं तर ऑस्ट्रिया! लोकांच्या घरातून सकाळी भूपाळी ऐकू येते, ओव्हाळांच्या घरातून गिटार केकाटतेय! सोजरबाई कपाळावर हात मारून, 'पहाट न्हाई झाली तर ह्ये केसाळ लोक माझ्या घरात!' पण गंमत सांगतो, शोधता शोधता धम्माभाऊंना ते आवडायला लागलं. खरंच! बाकावर बसून सांगायचे, 'शौकत, तो एक जण गिटार दातानं वाजवतो रे!' शौकतभाई म्हणायचे, 'दात आहेत तोवर वाजवू दे. पुढे?' 

आणि एका रविवारी सकाळी... सापडलं! तेच छत, तेच पिवळे दिवे, तोच हिरवा कोट! आता, जन्मभर क्वालिटीत काम केलेला माणूस, गेज लावून माप बघितल्याशिवाय मशीनचा साधा बुशसुद्धा पास केला नाही कधी, त्यानं व्हिडिओ शेवटपर्यंत बघावा की नाही? बघावा ना! पण नाही! तिथंच थांबवला आणि लेंगा-बनियनवर जिना उतरून खाली, 'शौकत! सगळ्यांना बोलव! आज संध्याकाळी पार्किंगमधे! अख्ख्या सोसायटीला दाखवतो!'

संध्याकाळी जी गर्दी! गाड्या बाहेर काढल्या, पांढरी चादर ताणली, श्रद्धानं ऑफिसातून प्रोजेक्टर आणलेला, शेजारच्या बिल्डिंगचे लोक फुकटात येऊन पुढं बसलेले. धम्माभाऊ इस्त्रीच्या शर्टात, चादरीशेजारी उभे, हातात काठी, मास्तरसारखे. 'आता बघा. सूट शोधा. लाल टाय.' लागला व्हिडिओ. धूर आला, हिरवा कोट आला, किंचाळला. कॅमेरा पब्लिकवर फिरला. सगळे माना पुढं काढून. सोनेरी केस, सोनेरी केस, टकला, सोनेरी केस... सूट? नाही! परत फिरला. सूट नाही! टाय नाही! काळा केस एक नाही! आणि टाळी मात्र ऐकू येतेय हां, एक ठोक, दोन बारक्या! पण आवाजाला काय तोंड असतं का? मागून कुणीतरी सुरू केलं, 'बंडल... बंडल...' आणि ते पसरलं. शौकतभाई उठले, पँट झाडली, म्हणाले, 'चला भाऊ, फायराबेंड.' बघा, त्यांचाच शब्द त्यांच्याच तोंडावर!

धम्माभाऊ काठी धरून तसेच उभे. मला सांगवत नाही हो... तोंड एवढंसं झालेलं. स्वतःच पुटपुटतायत, 'सुटात होतो ना मी...' इतकी वर्षं सांगून सांगून त्यांना स्वतःलाही सूटच खरा वाटायला लागला होता! लोक खुर्च्या मिटायला लागले.

तेवढ्यात मागून, बायकांच्या रांगेतून, 'ए! बसा खाली! श्रद्धे, मागं घे त्ये!' सोजरबाई! पदर खोचून उभ्या. 'आनि मागं... हां, थांबीव!' चादरीवर चित्र थांबलं. तिसऱ्या रांगेत, दोन धिप्पाड जर्मनांच्या मधे दाबून बसलेली... माकडटोपी! डोळे आणि नाकाचा शेंडा तेवढा बाहेर. खाली दोन स्वेटर, वर मफलर. आणि टोपी अर्धी हिरवी, अर्धी चॉकलेटी!

'ही टोपी मी इनलीया,' सोजरबाई म्हणाल्या, आणि आवाज फुटला त्यांचा. 'हिरवी लोकर सरली व्हती, म्हनून वरचा निम्मा चाकलेटी केला. अख्ख्या जर्मनीत दुसरी आसली टोपी आसंल का?'

शौकतभाई ऐकतात का? म्हणाले, 'भाभी, टोपी तुमची, कबूल. आत कोण आहे, काय सांगावं? हरवली असेल, दुसऱ्यानं घातली असेल!'

'चालू कर गं!' सोजरबाई कडाडल्या. झालं चालू. टोपीचे हात वर आले... आणि तुम्हाला सांगतो, सगळ्या दुनियेचा उजवा हात डाव्यावर पडतो, ह्याचा डावा हात उजव्यावर! 'उलटी टाळी!' सोजरबाई ओरडल्या. 'ह्या उलट्या टाळीपायी पार्टीवाल्यांच्या शिव्या खाल्ल्यात ह्यांनी! मुकाबल्यात पैल्यांदा बघितलं ना ह्यांला, तवाच मैतरनीला म्हनले व्हते, त्यो बघ उलट्या हाताचा! त्येच हायती! माझं येडं हाय त्ये! माझंच!' आणि चालत गेल्या सरळ सगळ्यांमधून, धम्माभाऊंचा हात धरला, भर पार्किंगमधे, आणि म्हणाल्या, 'चुकलं माझं. आवो, सूट कशापायी सांगितला? टोपी सांगितली आसती तर पैल्या दिशी पटलं नसतं का मला?'

चादरीवर तेवढ्यात गाणाऱ्यानं बोट केलं. थेट माकडटोपीकडं! ड्रमवाला हसला, टाळीवर येऊन बसला, आणि अख्खा जर्मन हॉल उठला! अहो, इकडं आमचं पार्किंग पण उठलं! एक ठोक, दोन बारक्या, एक ठोक, दोन बारक्या, वरच्या गॅलऱ्यांतून टाळ्या, वॉचमन टाळ्या, आणि शौकतभाईंनी पळत जाऊन धम्माभाऊंना उचललंच! 'माफ कर भावा! अल्ला कसम, आजपासून कुणी बंडल म्हटलं तर त्याच्या गाडीचं काम मी करणार नाही!' धम्माभाऊ हवेत, डोळ्यांतून पाणी, हसतायत, आणि हात? उलटी टाळी! मी पण रडलो, खोटं कशाला सांगू.

आता तुम्ही म्हणाल, छान झालं, माणूस जिंकला. जिंकलाच! पण आमचं काय? गेल्या आठवड्यात धम्माभाऊ बाकावर बसले आणि म्हणाले, 'जर्मनीहून परत येताना विमानाच्या पायलटला अचानक ताप भरला. मग काय, मशीनची माहिती असलेला आत मी एकटाच...' विमान! मी तोंड उघडणार, तेवढ्यात शौकतभाईंनी माझा दंड दाबला, 'गप राहा राव! निघाला व्हिडिओ तर?' आणि वरून गॅलरीतून सोजरबाई, 'ऐका की नीट! इमानात बी क्यामेरे आस्त्यात!' रोज बसतो, माना हलवतो... आतापर्यंत दोनदा उतरवलंय त्यांनी ते विमान, आणि दोन्ही वेळेला आम्ही उठून टाळ्या वाजवल्यात.