डोहवाडीचा उमेदवार

टाळ जरा खाली ठेवा, मंडळी. मृदंगाचार्य, तुम्हीही हात पुसून घ्या, दमलात. आता गायचं नाही. आता ऐकायचं.

एक प्रश्न टाकतो तुमच्यापुढं. माणसानं दिलेला शब्द पाळला, तर पुण्य लागतं का पाप? बोला की! मागच्या खांबाजवळून आवाज आला — पुण्य. पुढं बसलेल्या बायका मात्र गप्प आहेत. बायका शहाण्या असतात, भाव कळल्याशिवाय पिशवी उघडत नाहीत. बरं, उत्तर तुमच्याजवळच ठेवा. मी गोष्ट सांगतो, मग बघू तेच उत्तर राहतं का.

डोहवाडी नावाचं गाव. तीन बाजूंनी नदी, चौथ्या बाजूला डोंगर. शाळा पल्याड, दवाखाना पल्याड, बाजार पल्याड. अल्याड काय? खंडोबाचं देऊळ आणि तुळशीरामाची पिठाची गिरणी! नदी ओलांडायची कशात? तर काहिलीत. गूळ शिजवायची ती मोठी कढई असते ना, तीच पाण्यात सोडायची, चार माणसं आत बसायची आणि बांबूनं ढकलत न्यायची. गुळासाठी केलेली कढई, तिच्यात माणसं! आणि नदीला पूर आला की तीही बंद.

आता हा तुळशीराम. डोक्याला कायम पीठ, भुवया पांढऱ्या, आवाज खणखणीत. गिरणी चालू असताना बोलायची सवय, त्यामुळं घरातही बायकोशी ओरडूनच बोलायचा. हौसाबाई म्हणायची, "अहो, मी हितंच हाय, पल्याड न्हाई." तर असा सुखी माणूस. पोरगा नव्हता. एकच लेक — कुसुम.

कुसुमचं लग्न पल्याडच्या मोठ्या गावात झालं. तिला दिवस गेले. सासूनं निरोप धाडला, "पोरीला हितंच ठेवू का? दवाखाना जवळ हाय." तुळशीराम काय म्हणाला असेल? तुम्ही काय म्हणाला असता? पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपला रिवाज! तो म्हणाला, "लोक म्हणतील, बापाला एक बाळंतपण जड झालं." आणि मोठ्या हौसेनं लेकीला घेऊन आला.

श्रावणात पोरीच्या पोटात दुखायला लागलं. मूल आडवं होतं. नदी दोन्ही थडी भरून चाललेली. तुळशीरामाचा जिवाभावाचा सोबती येसबा, त्यानं आणि चार माणसांनी पोरीला बाजेवर घालून काठावर नेलं. काहील घालायला कुणी धजेना, आणि धजला असता तरी ती पल्याड पोचली नसती. समोर, मंडळी, समोर दवाखान्याचा पिवळा पत्रा दिसत होता. तो बघत बघत पोरगी काठावरच गेली, आणि पोटातलं लेकरू तिच्याबरोबर गेलं.

तुळशीराम रडला नाही. पाणी ओसरल्यावर तो सरळ तालुक्याला गेला. साहेबापुढं उभा राहिला, म्हणाला, "पूल पाहिजे." साहेब भला माणूस होता, त्यानं खुर्ची दिली, चहा दिला. म्हणाला, "बाबा, हे माझ्या हातात नाही. त्याला आमदार-खासदार लागतात."

तुळशीराम म्हणाला, "मग मी होतो."

हसा, हसा! डोहवाडीही हसली होती. विधानसभेला उभा राहिला — डिपॉझिट जप्त. लोकसभेला उभा राहिला — जप्त. पुन्हा विधानसभा, पुन्हा लोकसभा. अपक्षाला दर वेळी निराळं चिन्ह. एकदा शिट्टी, एकदा टोपली, एकदा कपबशी. एका वर्षी फुगा मिळाला, तेव्हा पोरं टाचणी घेऊन मागं लागली! लोक त्याचं नाव विसरले. "उमेदवार, दळण झालं का?" असं विचारायचे. तो सायकलला भोंगा बांधून गावोगाव हिंडायचा आणि एकच भाषण करायचा. "मला रस्ता नको, नळ नको, सभागृह नको. डोहवाडीला पूल पाहिजे." पारावरची माणसं टाळ्या वाजवायची आणि मत दुसऱ्याला द्यायची. फुकटची टाळी आणि कामाचं मत, यातला फरक आपल्या लोकांना बरोबर कळतो.

एका विधानसभेला मात्र रंग बदलला. दोन मोठे पुढारी समोरासमोर, अटीतटीची लढत, शे-दोनशे मतांवर निकाल फिरणार अशी हवा. तो मघाचा साहेब आता रिटायर झाला होता. त्यानं तुळशीरामाला बोलावून सांगितलं, "तू निवडून येणार नाहीस. पण तुझं अख्खं गाव एकगठ्ठा तुझ्यामागं उभं राहिलं ना, तर दोघांचीही झोप उडेल. पुढच्या वेळी ती मतं मिळवायला जो येईल, तो आधी पूल बांधेल."

इतकं सोपं होतं, मंडळी! कुणाला जिंकवायचं नव्हतं. फक्त एका गावानं एकदा स्वतःला मत द्यायचं होतं. तुळशीराम घरोघरी गेला. लोकही गंभीर झाले, कारण काठावरची ती बाज सगळ्यांनी पाहिली होती. येसबा तर म्हणाला, "अण्णा, औंदा गाव तुझं."

मतदानाच्या आदल्या दिवशी दुपारी गावात चुली पेटल्या. त्या दोघांतल्या एका पुढाऱ्याचा माणूस आला, बोकडं आली, मसाल्याचा वास गावभर सुटला. ताटं मांडली, रस्सा वाढला. पण घास घ्यायच्या आधी तो माणूस काय करतो? खंडोबाच्या देवळातून भंडाऱ्याचं ताट आणतो. पिवळाधम्मक भंडारा! म्हणतो, "जेवा पोटभर, काही मागत न्हाई. फक्त ह्यो भंडारा उचला, आणि देवाला सांगा, मत कुणाला."

आणि उचलला! एकेकानं उचलला. येसबानंही उचलला.

तुळशीरामाला कळलं तेव्हा तो येसबाच्या अंगणात आला. ओरडला नाही. पहिल्यांदाच तो माणूस हळू बोलला.

"येसबा, जेवलास, हरकत न्हाई. पर मत दे मला. त्या पुठ्ठ्याच्या आडोशाला कोण बघतंय?"

येसबाच्या तळहाताला अजून पिवळं लागलेलं होतं. तो खाली बघत म्हणाला, "अण्णा, कोण न्हाई कसं? देव हाय की."

आता काय बोलाल याला? सांगा! हा माणूस लबाड होता का? लबाड असता तर बरं झालं असतं, मंडळी! लबाड माणसानं मटण खाल्लं असतं, भंडारा उचलला असता आणि आत जाऊन खुशाल तुळशीरामाचं बटण दाबलं असतं. हा देवभोळा, शब्दाचा पक्का. पुढाऱ्यानं त्याच्या पोटाचा नाही, त्याच्या भक्तीचा सौदा केला होता.

घरी हौसाबाई म्हणाली, "तुम्हीबी न्या ताट. तुम्हीबी उचलायला लावा. मागनं घेतलेली शपथ खरी."

मोह झाला तुळशीरामाला, खोटं कशाला सांगू? लेक गेलेल्या बापाला मोह होणार नाही का? शेवटी म्हणाला, "न्हाई. त्यांनी देवाला एजंट केला. मी बी त्योच करू?"

निकाल लागला. तुळशीरामाला स्वतःच्या गावात पडलेली मतं दोन्ही हातांच्या बोटांत मावली. पुढारी निवडून आला, गुलाल उडाला. सगळ्यांनी शपथ पाळली. खंडोबाच्या पायरीवर नारळ फोडले की आपण खोटे ठरलो नाही! पूल? पूल कुणी कुणाला मागायचा? मत तर आधीच जेवून झालं होतं.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाला येसबा लेकीला आणायला निघाला. पारू तिचं नाव. तिचंही पहिलंच. तुळशीराम गिरणी बंद करून धावत काठावर आला, काहिलीची कड धरून उभा राहिला.

"येसबा, नको आणू. पाया पडतो. तिथंच होऊ दे."

"पहिलं बाळंतपण सासरी? लोक काय म्हणतील, अण्णा?"

तुळशीरामानं ते शब्द ओळखले. त्याचेच होते. त्यानं पुन्हा विनवलं, भांडला, शेवटी हात सोडला. धरून तरी किती वेळ धरणार? पारू माहेरी आली.

पुढचं सांगू का? तुमच्या चेहऱ्यावर दिसतंय की तुम्हाला कळलंय. तीच नदी, तशीच बाज, समोर तोच पिवळा पत्रा. या खेपेला तुळशीराम काहिलीत उतरला. "मी नेतो," म्हणाला. पारूला आत घेतलं, येसबा बसला, काहील सोडली. धारेपर्यंत पोचली आणि गरगर फिरायला लागली, पुढं जाईना. पाण्यानं ती खालच्या वळणाला अल्याडच्याच काठाला आणून टाकली. तोवर पोरगी थंड पडली होती.

चिखलात दोन बाप बसले होते. येसबानं लेकीचं डोकं मांडीवर घेतलेलं. तो रडत नव्हता, तुळशीरामाकडं बघत होता. म्हणाला, "अण्णा, मी शपथ मोडली न्हाई रे. मग देवानं असं का केलं?"

तुळशीरामाच्या तोंडात उत्तर होतं. इतक्या वर्षांचा राग होता, तो बोलला असता तर कुणी दोष दिला नसता. पण त्यानं डोक्याचा पंचा सोडला, पारूच्या तोंडावरचा चिखल पुसला आणि म्हणाला, "चल, पोरीला घरी नेऊ."

पुढच्या लोकसभेला त्यानं पुन्हा फॉर्म भरला. आजही भरतो. डिपॉझिट जातं. सूचक म्हणून सही करायला आता येसबा जातो.

मंडळी, मतदान आलंय, तुमच्याही गावात या आठवड्यात चुली पेटतील. ताट येईल. कोणत्या देवाचं? तुमच्या गावात जो मोठा असेल त्याचं. जेवा, नाहीतर जेवू नका, ते तुमचं पोट जाणे. पण देवाला भिऊन मत देणाऱ्यानं एक समजून घ्यावं. भंडारा देवाचा होता, शपथ पुढाऱ्याची होती. वर गेल्यावर देव येसबाला विचारणार नाही की शपथ मोडलीस का. तो एवढंच विचारील — पारू कुठं आहे?

येसबाला निदान तिचं नाव माहीत आहे. तुम्हाला विचारलं, तुमच्या मतापायी कोण कोण गेलं, तर तुम्ही कुणाकुणाची नावं सांगाल?