सुदामकाकाचा हरवलेला पेपर

तुमाले हसू येईन, पण आमच्या कॉलेजचा निकाल अजून कोबोल नावाच्या जुनाट कंप्युटर-भाषेतल्या प्रोग्रामातूनच निघते, अन् तो मीच सांभाळतो. प्राचार्य म्हणे, "मार्क सात अन् छापते शून्य सात, कायले?" मंग मी आकड्याआधीची फालतू शून्यं छापणं बंद केलं.

निकाल लागला अन् फुलसावंगीचे सुदामकाका तणतणत आले. म्हातारपणी बाहेरून परीक्षा देल्ती त्यायनं.

"इंग्रजीचे मार्क कोरे काहून? पेपर हरवला तुमी! साऱ्या गावाले सांगतलं म्या."

मीही चक्रावलो, पेपर तं कपाटात होता, तपासलेला. मंग ध्यानात आलं, प्रोग्रामनं एकटं शून्यही फालतू समजून गिळलं होतं. दुरुस्त करून नवी मार्कशीट देली.

"हे काय व्हय?"

"तुमचे मार्क, काका."

त्यायनं कागदाची घडी करून माह्याच खिशात कोंबली. म्हणे, "बाप्पा, पेपर हरवलेलाच राहू दे."