उजवा डोळा, दहा तारीख

सून : मग तारीख रद्द करायला फोन कुणी केला? डोळ्यांच्या दवाखान्यातल्या बाईंनी तुमचंच नाव सांगितलं, आई.

सासू : रद्द नाही गं केली. पुढे ढकलली.

सून : कधीपर्यंत?

सासू : बाळ जरा मोठं होईपर्यंत.

सून : जरा म्हणजे?

सासू : शाळेत जायला लागेपर्यंत.

सून : पिकलेला मोतीबिंदू आहे तो, चार वर्षं वाट बघणार नाही. तुमची जागा दुसऱ्या पेशंटला द्यायची का, ते आज पाचच्या आत कळवा म्हणाल्यात.

सासू : देऊन टाका म्हणावं. त्या बिचाऱ्याचं तरी होईल.

मुलगा : काय चाललंय? खाली जिन्यापर्यंत आवाज येतोय तुमचा.

सून : आलास? आधी बूट काढ. आईंनी ऑपरेशन रद्द केलंय.

मुलगा : का गं आई?

सासू : का म्हणजे? परवा तुम्ही दोघं वही घेऊन बसला होतात. आपली भिंत काही फार जाड नाही. हिची तीन महिने पगारी रजा, पुढचे तीन बिनपगारी. तू म्हणालास, लिफ्टच्या कंपनीत कितीही ओव्हरटाइम केला तरी तीस हजार कमी पडतात. माझ्या डोळ्याला किती लागतात? तीस. झाला हिशेब.

मुलगा : ते तीस वेगळे काढून ठेवलेत. त्यांना हात लावायचा नाही, हे आमचं ठरलंय.

सासू : मग आता लावा. बाळंतपण थांबत नाही, डोळा थांबतो. आणि ही कामावर गेली की बाळ बघायला मी आहेच. डोळ्यांत तेल घालून सांभाळीन.

मुलगा : तेल नको आई, लेन्स घाल.

सासू : तू गप्प रे. पाळणाघराचे पैसे वाचतील ते वेगळेच. हो की नाही गं?

सून : नाही वाचणार, आई.

सासू : नाही वाचणार कसे?

सून : मी पाळणाघरात नाव घालून आलेय. सोमवारी. महिना आठ हजार.

मुलगा : मला नाही बोललीस ते?

सून : कुणालाच नाही बोलले.

सासू : मी घरात असताना पाळणाघर?

सून : मागच्या आठवड्यात तुम्ही उकळतं पाणी कपात ओतायला गेलात आणि ते कपाच्या शेजारी ओतलंत. ओट्यावरून थेट तुमच्या पायाशी. मी दारातच उभी होते. तुम्ही फरशी पुसलीत आणि मला म्हणालात, कप लवंडला.

सासू : म्हणजे तुला माझ्या हातात बाळ द्यायची भीती वाटते.

मुलगा : आई, तिला तसं म्हणायचं नाही—

सून : तू थांब. हो आई. वाटते.

सासू : मग सरळ सांगायचंस की.

सून : कुठल्या तोंडाने सांगू? तीस वर्षं लोकांच्या कपड्यांना रफू करून ह्याला वाढवलंत. त्या डोळ्यांवरच हे घर उभं राहिलं. मी कालची आलेली.

सासू : दोन महिने झाले, रफूची कामं परत पाठवतेय मी. गिऱ्हाइकांना सांगते, सुनेला दिवस गेलेत, वेळ होत नाही.

सून : म्हणजे माझ्या नावावर खपवलंत!

सासू : मग काय सांगू, दिसत नाही म्हणून? आणि खरं सांगू का, डोळ्याला सुरी लावणार म्हटलं की माझे हातपाय गार पडतात. पैशाचं निमित्त आयतंच सापडलं.

मुलगा : हे आधी बोलायचं ना, आई.

सासू : तुम्ही वहीत मान घालून बसलेले. कुणाशी बोलू?

मुलगा : बरं, ऐका. बाळासाठी मी ते मोठं, दोन खोल्यांचं घर बघून आलोय, त्याची अनामत अजून भरलेली नाही. ते राहू दे. भाड्यात महिना सहा हजारांचा फरक आहे. इथेच राहिलो तर पाच महिन्यांत तीस सुटतात.

सून : आणि बाळाचा पलंग? नवाच हवा म्हणून हटून बसला होतास.

मुलगा : आमच्या फोरमनच्या घरी त्यांच्या मुलाचा पडून आहे. कधीचे म्हणतायत, घेऊन जा. मलाच कमीपणा वाटत होता. उद्या आणतो.

सासू : आणि पाळणाघर?

सून : आत्ता नाव काढत नाही, आई. खोटं कशाला बोलू? पट्टी निघू दे, तुम्हाला नीट दिसू दे. मग बघू.

सासू : नको काढूस. किती वाजले?

सून : पावणेपाच.

सासू : लाव फोन. मीच बोलते. (फोनवर) हॅलो... हो, दहा तारीख, उजवा डोळा. कुणाला देऊ नका. रद्द मीच केली होती, आता मीच येतेय... सोबत सून येईल. तिला आठवा महिना लागेल तेव्हा, पण दाखल मला व्हायचंय हो, तिला नाही... घरचं माणूस म्हणून कुणाचं नाव? मुलगा आहे की, लिहा... नाही, थांबा. सुनेचंच लिहा.